श्रीक्षेत्र भीमाशंकरचे अरण्य : भूमी, जल आणि वन्यजीव

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक स्थान असल्याचे सर्वश्रुत आहे. प्रतिवर्षी श्रावणमासात, महाशिवरात्रीस आणि सोमवारी येथे दूरदूरच्या प्रांतांतून भाविक येतात, पायऱ्या उतरून श्रींचे दर्शन घेतात, अभिषेक करतात आणि समाधानाने परततात. मात्र ज्या डोंगराच्या कुशीत हे देवस्थान वसले आहे तो डोंगर, त्यावरील वन आणि त्या वनात नांदणारी जीवसृष्टी यांची ओळख करून घेण्यास पुष्कळांना सवड मिळत नाही. "दर्शन झाले, आता येथे पाहण्यासारखे काय आहे?" हा भाविकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. म्हणून हा लेख.

स्थान व विस्तार

भीमाशंकर सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. देवस्थान पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात मोडते. पुण्याहून राजगुरुनगर अथवा मंचरमार्गे सुमारे ११० ते १२५ किलोमीटरचे अंतर पडते. मंदिराच्या सभोवतीचे अरण्य 'भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य' म्हणून शासनाने १९८५ साली घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. पूर्वेकडे खेड व आंबेगाव, पश्चिमेकडे घाटाखाली मुरबाड व कर्जत हे तालुके त्याला लागून आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या क्षेत्रातील प्राणी, पक्षी व वनस्पती यांना कायद्याचे संरक्षण आहे. याचा अर्थ असा की, येथे येणारा प्रत्येक भाविक देवाच्या दारी येण्याआधीच अरण्याच्या दारातून आत आलेला असतो.

भूरचना : अग्नीतून घडलेला डोंगर

सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर पडले, एकावर एक पसरले आणि थंड होऊन थिजले. त्यातूनच दख्खनचे पठार तयार झाले. डोंगराच्या कड्याकडे दुरून पाहिले असता आडव्या पायऱ्या रचल्यासारखे थर दिसतात, ते याच लाव्हाप्रवाहांचे. काही थर कठीण, तर काही ठिसूळ असतात. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो, आणि अशा रीतीने डोंगराला टप्प्याटप्प्यांची रचना प्राप्त होते.

भीमाशंकरची खरी भौगोलिक गंमत तिच्या दोन बाजूंत आहे. पश्चिमेस कोकणकड्यावर उभे राहिल्यास जमीन एकाएकी तुटते आणि शेकडो मीटर खाली कोकणातील भातखाचरे, वाड्या व पाऊलवाटा दिसू लागतात. कर्जत तालुक्यातील खांडस गावातून शिडीघाट व गणेशघाट या दोन जुन्या वाटा हाच कडा चढून वर येतात. वाहनांची सोय नव्हती त्या काळात कोकणातील भाविक याच वाटांनी दर्शनास येत. पूर्वेकडील उतार मात्र सौम्य आहे. तिकडे डोंगराच्या सोंडा हळूहळू उतरत पठारात विरून जातात. नागफणी हे या परिसरातील उंच शिखर असून आकाश निरभ्र असताना तेथून दोन्ही बाजूंचा प्रदेश नजरेच्या टप्प्यात येतो.

पाऊस आणि भीमेचा उगम

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले जल येथेच रिते करतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथून पूर्वेस जसजसे जावे तसतसा तो झपाट्याने कमी होत जातो. ज्या मंचर-राजगुरुनगर भागातून आपण वर आलो तेथेच पाऊसमान किती घटते, हे शेतातील पिकांवरूनही ध्यानात येते. वर भात, खाली ज्वारी-बाजरी.

याच पाण्यातून भीमा नदी जन्म घेते. त्रिपुरासुराच्या वधानंतर श्रीशंकरांच्या देहावरील घामाच्या धारांतून ही नदी प्रकटली, अशी पुराणकथा आहे. भूगोलाच्या भाषेत सांगावयाचे तर, अरण्याने धरून ठेवलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने पाझरते आणि त्यांचाच पुढे प्रवाह होतो. भीमेची उपनदी घोड हीदेखील याच डोंगररांगेत आहुपे परिसरात उगम पावते. तिच्यावर डिंभे येथे, तर भीमेवर चासकमान येथे धरण आहे. पुढे इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, सीना अशा नद्यांचे पाणी घेत भीमा सुमारे ८६० किलोमीटरचा प्रवास करते आणि कृष्णेस मिळते. वाटेत उजनीचा विस्तीर्ण जलाशय तिच्यावर आहे, आणि पंढरपुरी तिला अर्धचंद्राकृती वळणामुळे चंद्रभागा म्हणतात. आषाढीस चंद्रभागेत स्नान करणाऱ्या वारकऱ्याचे नाते अशा रीतीने थेट या अरण्याशी जडलेले आहे. शैव क्षेत्रातून निघालेली नदी वैष्णवांच्या पंढरीला जाऊन मिळते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या स्वभावास साजेशीच म्हणावी लागेल.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पाऊस कितीही पडला तरी उघड्या कातळावरून तो तासाभरात वाहून जातो. वनातील पालापाचोळा, कुजकट माती, मुळांचे जाळे आणि शेवाळ हे सारे मिळून पाणी शोषून घेतात आणि पुढे महिनोन्महिने थोडेथोडे सोडतात. जंगल हे नदीचे कोठार आहे. कोठार रिते झाले तर खालच्या गावांना उन्हाळ्यात त्याची झळ लागल्यावाचून राहत नाही.

अरण्याची रचना

येथील वन सदाहरित व निमसदाहरित प्रकारचे असून पूर्वेकडील उतारांवर ते पानझडी होत जाते. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा, उंबर, बेहडा हे येथील प्रमुख वृक्ष. त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतून हिरवे छत तयार करतात. त्याखाली लहान झाडे व कारवीची दाट झुडपे, आणि सर्वांत खाली नेचे, शेवाळ व बुरशी अशी उतरंड असते. झाडांच्या खोडांवर आमरींची रोपे दिसतात. ती वृक्षाचा रस शोषीत नाहीत, केवळ आधार घेतात. गारंबीसारख्या महावेली एका वृक्षावरून दुसऱ्यावर जात दोर टांगावेत तशा लोंबतात.

कारवी ही या डोंगरांची खास वनस्पती होय. ती वर्षानुवर्षे केवळ वाढत राहते आणि सात-आठ वर्षांतून एकदाच, सर्व एकाच वेळी, जांभळ्या-निळ्या फुलांनी डवरून येते. फुलल्यावर बी धरून ती झाडे मरतात आणि पुढील पिढी उगवते. त्या वर्षी मधमाश्यांची चैन असते. तिचे सरळ काटूक पूर्वापार कुडाच्या भिंतींसाठी वापरले जाते.

शेकरू : अभयारण्याचा मानकरी

हे अभयारण्य मुख्यत्वे ज्या प्राण्याच्या रक्षणासाठी निर्माण झाले तो प्राणी म्हणजे शेकरू, अर्थात मोठी खार. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो केवळ भारतातच आढळतो. पाठीचा रंग तांबूस-तपकिरी, पोटाकडील भाग पिवळसर पांढरा, आणि शेपटी देहाइतकी किंवा त्याहून लांब व झुबकेदार. वजन साधारण दीड ते दोन किलो भरते. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली येथल्या शेकरूचे शास्त्रीय वर्णन करताना त्यास मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले होते.

शेकरू दिवसा वावरणारा व बहुधा एकटा राहणारा प्राणी आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो वीस-वीस फुटांची झेप घेतो. फळे, बिया, फुले, कोवळी साल हे त्याचे खाद्य; प्रसंगी किडे व पक्ष्यांची अंडीही तो खातो. काड्या आणि पाने गुंफून उंच फांदीच्या टोकाकडे तो गोलसर घरटे बांधतो. शत्रूला तेथवर पोहोचणे कठीण जावे, हा त्यातील हेतू. एकच शेकरू आपल्या क्षेत्रात अनेक घरटी बांधून ठेवतो. काही झोपण्यासाठी, तर एखादे पिलांसाठी. म्हणून झाडावर दिसणारी घरटी मोजून तितकेच शेकरू आहेत, असे समजणे चुकीचे ठरेल.

शेकरूच्या या जीवनक्रमातच त्याच्यावरील संकटाचे मर्म दडलेले आहे. त्याचा रस्ता म्हणजे झाडांच्या एकमेकींत गुंतलेल्या फांद्या. मधली चार झाडे तोडली, वाहनतळ वाढविला, रस्ता रुंद केला की तो रस्ता तुटतो. मग त्यास जमिनीवर उतरावे लागते, आणि तेथे कुत्री व वाहने असतात. एका झाडाची तोड आपणांस किरकोळ वाटते, शेकरूच्या दृष्टीने तो पूल कोसळण्याचा प्रकार असतो.

शेकरू पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी सकाळी लवकर अथवा उन्हे कलल्यावर मंदिराच्या मागील वनवाटेने शांतपणे चालावे. प्रथम त्याचा खडखडाटासारखा आवाज ऐकू येतो, मग फांदी हलते, मग शेपूट दिसते. बोलत, हाका मारीत जाणाऱ्यास तो दर्शन देत नाही.

अन्य प्राणी, पक्षी व कीटक

बिबट्या हा येथील सर्वांत मोठा शिकारी प्राणी. तो क्वचितच दिसतो. त्याच्या पाऊलखुणाच अधिक आढळतात. सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर, तरस, कोल्हा, उदमांजर, ससा हे प्राणी या वनात आहेत. यांपैकी पिसोरी हे अवघ्या सशाएवढे, लाजाळू व निशाचर खूरधारी जनावर असून पालापाचोळ्याच्या रंगात इतके मिसळून जाते की दोन हातांवर असूनही ओळखू येत नाही. वानरे मात्र सर्वांना परिचित आहेत; त्यांविषयी पुढे सांगावयाचे आहे.

पक्ष्यांमध्ये पर्वत कस्तुराचा मान पहिला. पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसे त्याचे गाणे ऐकू येते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल, राखी रानकोंबडा, स्वर्गीय नर्तक, हळद्या, धनेश यांचीही नोंद येथे होते. धनेश व हरियल हे फळे खाऊन दूरदूर बिया टाकतात; म्हणजे वनीकरणाचे कार्य ते विनावेतन करीत असतात. फुलपाखरांत 'नीलवंत' हे काळ्या पंखांवर निळी झाक असलेले मोठे फुलपाखरू येथे आढळते. त्यास २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान्यता मिळाली.

पावसाळ्यात या अरण्यात आणखी एक नवल घडते. कुजणाऱ्या ओल्या फांद्यांवर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी अंधारात फिकट हिरवट प्रकाश देते. त्यामुळे काळोख्या रात्री झाडांची खोडे व पडलेल्या काटक्या चमकताना दिसतात. तो कसलाही चमत्कार वा भुताटकी नसून बुरशीच्या पेशींतील रासायनिक क्रियेचा परिणाम आहे. हे दृश्य पाहण्याच्या हौसेने रात्री जंगलात जाणाऱ्यांची संख्या वाढल्याने ती ओली फांदीच पायांखाली तुडविली जाते. अभयारण्यात रात्री विनापरवाना प्रवेश करणे हा गुन्हाही आहे, याची नोंद घ्यावी.

देवराया आणि डोंगरचे लोक

हे अरण्य आजवर टिकले त्याचे श्रेय केवळ कायद्यास देता येणार नाही. कायदा येण्यापूर्वी कित्येक शतके येथील गावांनी देवाच्या नावे राखलेली वने, म्हणजे देवराया, जपल्या. देवराईतील काडीही घरी न्यायची नाही, कुऱ्हाड चालवायची नाही, असा दंडक असे. शास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. आहुपे येथील देवराई आजही पाहण्यासारखी आहे.

या डोंगरांत मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. नाचणी, वरई व भात ही त्यांची पिके. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचणे हा त्यांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार असतो. जून २०२० मधील 'निसर्ग' चक्रीवादळात जुन्नर-आंबेगाव भागातील हिरड्याचे फार नुकसान झाले, तेव्हा अनेक कुटुंबांची वर्षाची मिळकत बुडाली. वन मोडले तर माणूसही मोडतो, हे त्यावरून कळावे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस साजरी करून हे लोक वाघोबाला पुजतात. गुरे मारणाऱ्या हिंस्र श्वापदाचीही पूजा करून त्याच्याशी सलोख्याने राहण्याची ही रीत शहरवासीयांनी मनन करण्यासारखी आहे.

डोंगराचा इशारा

३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि काही क्षणांत गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक जीव त्यात दगावले. हे गाव भीमाशंकरच्याच डोंगररांगेच्या पायथ्याला आहे. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. परंतु डोंगर-उतारांवरील बदल व पाण्याच्या निचऱ्याकडे झालेले दुर्लक्ष यांकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले. कातळावरील मातीचा थर पातळ असतो. त्यास धरून ठेवणारी मुळे गेली आणि पाण्याच्या वाटा बुजल्या की तो थर निसटतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील महाराष्ट्राच्या चार स्थळांत भीमाशंकर नाही. तथापि हा डोंगर त्याच पर्वताचा भाग असून तितकाच नाजूक आहे.

भाविकांस नम्र विनंती

१. वानरांना व माकडांना खाऊ घालू नये. ते पुण्यकर्म समजून केले जाते. परंतु आयते अन्न मिळाल्याने त्यांची नैसर्गिक सवय मोडते, ती पिशव्या हिसकावू लागतात, चावा घेतात आणि रोगांस बळी पडतात. रानात त्यांना पुरेल इतके अन्न देवाने ठेवले आहे.

२. प्रसादाची वेष्टने, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या परत न्याव्यात. येथे टाकलेली पिशवी पहिल्या पावसात ओढ्यात जाते, आणि तो ओढा भीमेला मिळतो.

३. बेल, फुले, आमरी, औषधी मुळ्या वनातून तोडू नयेत. पूजेसाठी बेल घरून आणावा. एक पान भक्तिभावाने वाहिले तरी ते पुरेसे आहे, असेच शास्त्र सांगते.

४. वनवाटेवर मोठ्याने गाणी, कर्णे व फटाके वाजवू नयेत. विशेषतः सायंकाळी वाहन सावकाश हाकावे.

५. उन्हाळ्यात विडी-सिगारेटचे थोटूक वा पेटती काडी टाकू नये. वाळलेल्या गवतावरील एक ठिणगी डोंगर जाळते.

६. पावसाळ्यात कोकणकड्याच्या टोकाशी जाऊ नये. धुक्यात कडा दिसत नाही आणि शेवाळलेला कातळ पाय धरत नाही. शिडीघाटाची वाट त्या दिवसांत टाळावी.

देणगीदारांस दोन शब्द

देवस्थानास दान देण्याची आपली परंपरा मोठी आहे. पूर्वजांनी मंदिरांसाठी जसे कळस व सभामंडप दिले, तसेच तळी, बारवा आणि आमराया दिल्या. त्याही धर्मकार्यांतच गणल्या जात. आज क्षेत्राच्या ठिकाणी दान करू इच्छिणाऱ्याने संगमरवरी फरशीसोबत कचरा खाली वाहून नेण्याची सोय, शौचालयांच्या सांडपाण्याची व्यवस्था, खालच्या गावांतील मुलांचे शिक्षण, हिरडा-मध यांना रास्त भाव मिळवून देणारी व्यवस्था यांचाही विचार करावा. वृक्षारोपण करावयाचे असल्यास येथलीच झाडे, हिरडा, जांभूळ, उंबर, अंजनी, वन विभागाच्या संमतीने व सल्ल्याने लावावीत. बाहेरची शोभेची झाडे शेकरूच्या कामाची नाहीत.

श्रीशंकरास पशुपती म्हणतात, म्हणजे सर्व जीवांचा स्वामी. त्याच्या मस्तकी गंगा, कंठी सर्प आणि समोर नंदी आहे. जल व प्राणी यांच्यावाचून त्याचे ध्यान पूर्ण होत नाही. त्याच्या या स्थानी आलेल्या भाविकाने गाभाऱ्यातील दर्शनानंतर घटकाभर एखाद्या जुन्या अंजनीखाली शांत उभे राहावे, वर पाहावे, कान द्यावा. पाने हलतील, कुठेतरी झरा वाजत असेल. नशिबी असेल तर एक तांबूस शेपटी या फांदीवरून त्या फांदीवर जाईल. ती आपल्या नातवंडांनाही दिसावी, इतकेच मागणे या क्षेत्री मागून परतावे.

॥ हर हर महादेव ॥